होडीच्या स्प्रिंगा

माझ्या बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीखाली एक स्प्रिंग आहे. करंगळीएवढ्या जाड सळईची, वीतभर उंच, काळी कुळकुळीत. कुंडी तिच्यावर छान बसते आणि खालून पाणी निथळून जातं. येणारेजाणारे विचारतात, "हे काय नवीन?" मी सांगते, मोटारीची स्प्रिंग. मग ते विचारतात, कुठल्या मोटारीची, आणि इथे माझी पंचाईत होते. ही स्प्रिंग कुठल्याच मोटारीला बसली नाही. जिला बसायला हवी होती तिला दुसरीच बसली, आणि त्या दुसरीपायी आमच्या घरात एका चैत्रात काय झालं ते मलाच इतकी वर्षं नीट कळलं नव्हतं. पाहुण्यांना हे सगळं कुठे सांगत बसायचं! मी चहा टाकते.

पुण्यात चैत्र लागल्याचं मला कांद्याच्या टेम्पोवरून कळतं. सोसायटीच्या फाटकाशी तो येऊन उभा राहतो आणि भोंग्यावर "नवा कांदा, गावरान कांदा" सुरू होतं. मी पिशवी घेऊन खाली जाते. घरात कांदा नसतो असं नाही. मी ढिगातला एक कांदा उचलते, हुंगते आणि परत ठेवते. टेम्पोवाला एकदा वैतागला. "मावशी, घ्यायचाय का नुसता वासच घ्यायचाय?" मी विचारलं, "जुन्नरचा आहे का?" तर म्हणाला, "न्हाई, चाकणचा." मग मी घेतला नाही. माणसाने कशाचा तरी तोरा मिरवावाच की.

आमचं गाव जुन्नर-घोडेगाव रस्त्याला. चैत्रात तिथे जिकडे बघावं तिकडे कांदा. वावरात काढलेला, बांधावर पातीखाली झाकलेला, पडवीत गोण्यांत भरलेला. केसांना त्याचा वास, पदराला त्याचा वास, भाकरीच्या पहिल्या घासालाही त्याचाच. बाया ओळीने बसून विळ्याने पात कापायच्या आणि त्याचा करकर आवाज घरापर्यंत यायचा. दुपारी वारा सुटला की कांद्याची सुकी लाल टरफलं अंगणभर उडायची, आई दिवसातून चारदा झाडायची आणि वाऱ्याला शिव्या द्यायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन घरी आले होते आणि वैशाखात माझं लग्न ठरलेलं होतं. माहेरचा तो माझा शेवटचा चैत्र. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच बहुधा त्यातलं इतकं सगळं अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे.

पडवीत अण्णांची खाट होती. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीचे ड्रायव्हर. नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांच्याकडे जुन्नर-घाटघर मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी डोंगरातली माणसं भरून वर न्यायची, घाटघरलाच कुणाच्या तरी ओसरीवर अंग टाकायचं आणि सकाळची पहिली गाडी घेऊन खाली यायचं. निवृत्त झाल्यावर ते शेतीला लागले, आणि कांद्याची ट्रॉली भरताना वरून पडून कंबर मोडून घेतली. घरातल्या घरात चालता यायचं, पण धक्का सोसवायचा नाही. एकदा दादाने त्यांना जीपमध्ये घालून घाटघरला न्यायचं ठरवलं. जुन्नरच्या अलीकडेच अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला आणि जीप मागे फिरवावी लागली. त्यानंतर ते पडवीत पडल्यापडल्या रस्ता ऐकायचे. लांबून बस आली की मान जराशी कलती करून म्हणायचे, "घोडेगाव गाडी. मागची कमान गेलीय हिची, ऐक कशी करकरती." आम्हाला फक्त बस गेल्याचं ऐकू यायचं.

त्यांचं मागणं एकच होतं. घाटघरला एकदा जाऊन यायचं. मुक्कामाच्या दिवसांत ज्या ठकूमावशीच्या घरी त्यांनी नाचणीच्या भाकरी खाल्ल्या, तिला निवृत्तीच्या वेळी सांगून यायचं राहून गेलं होतं. "तिला वाटलं आसंल, मानूस आला न् गेला, भाकरीला बी जागला न्हाई," असं ते मध्येच, काही संबंध नसताना म्हणायचे. मग म्हणायचे, "आन त्या खिंडीतलं वारं एकदा तोंडावं घ्यायचंय." आई म्हणायची, वारं काय इथं येत नाही का?  घाटघरापुढच्या नाणेघाटाच्या खिंडीतलं वारं कोकणातून वर येतं, त्याला वेगळाच वास असतो, हे ज्याने घेतलंय त्यालाच कळतं. मला तेव्हा कळायचं नाही.

दादा माझा मोठा भाऊ. रस्त्याकडेला त्याचं गॅरेज होतं. पंपाच्या मोटारी, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, जे येईल ते तो खोलून बसायचा. खंडाळ्याकडच्या एका बंगल्यात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी एक जुनी विलायती मोटार सडत पडली होती, ती त्याने ओढून आणली. शर्यतीच्या जातीची होती म्हणे. दोन दारं, दोनच माणसांची जागा, वर टप नाही, आणि उंचीला इतकी बुटकी की शेजारी उभी राहिलेली शेळी आतल्या माणसाकडे वरून बघायची. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव होडी ठेवलं. दादा दोन पावसाळे तिच्यात डोकं घालून बसला होता. शेवटपर्यंत तिच्या कुठल्या ना कुठल्या फटीतून कोंबडीचं पीस निघायचंच.

होडीत बसायचं म्हणजे बूड जवळजवळ रस्त्याला टेकवायचं, पाय लांब सोडायचे आणि पाठ मागे रेलायची. बसण्यापेक्षा ते निजणंच जास्त. हे दादाच्या लक्षात आलं तेव्हा तो हातातला पाना तसाच घेऊन घरात आला होता. "अण्णा, तुमाला बसून जाता येत न्हाई ना? निजून जाऊ."

अण्णा हसले, पण त्या संध्याकाळी त्यांनी दोनदा विचारलं, घाटघरचा रस्ता आता कसा आहे म्हणून. कसा असणार! अर्धा खडीचा आणि उरलेला खड्ड्यांचा.

याच सुमारास पेठच्या वरच्या माळावर पुण्याकडच्या मोटारवाल्या मंडळींनी ऑटोक्रॉस ठेवली. मैदानावर रबराचे शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायची, एका वेळी एकच, घड्याळ लावून. खेड्यातल्या लोकांना हे समजावून सांगायला लागेल असं त्या मंडळींना वाटलं होतं. आमच्याकडे कशाला लागतंय! आमचा बैलगाडाही घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, एकेकच सुटतो आणि त्याचाही निकाल सेकंदावरच लागतो. लोकांनी बघताक्षणी ओळखलं, हा मोटारीचा गाडा. दादाने नाव दिलं. मग रोज उन्हं कलली की आमच्या काढून झालेल्या वावरात त्याचा सराव चालायचा. शंकूंच्या जागी कांद्याच्या पाट्या पालथ्या घातलेल्या, त्यांच्यामधून होडी धुरळा आणि टरफलं उडवत वळायची. बाया विळे हातात धरून बघत राहायच्या. दादा तेव्हा फार देखणा दिसायचा. मी त्याला हे कधी सांगितलं नाही, उलट "पाट्या मोडशील, आई मारेल" एवढंच ओरडायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. होडीच्या पुढच्या दोन स्प्रिंगा जुन्या होऊन बसल्या होत्या, त्या बदलायलाच हव्या होत्या. प्रश्न होता, कशा घालायच्या. शर्यतीला कडक लागते. मऊ स्प्रिंगवर गाडी वळणाला कलते आणि एका शंकूवरून सावरते न सावरते तोच दुसरा येतो. रस्त्याला मऊ लागते. कडक स्प्रिंगवर प्रत्येक खड्डा मणक्यात येऊन बसतो. म्हणजे एक स्प्रिंग दादाची आणि एक अण्णांची. दोन्ही साधेल अशी स्प्रिंग नसते, असं मी भौतिकशास्त्राच्या जोरावर सगळ्यांना ठणकावून सांगितलं, आणि ते आजही खरं आहे.

अण्णांना या पेचाचा वास लागायला वेळ लागला नाही. त्यांनी दादाला खाटेपाशी बोलावलं. मीही तिथेच भाजी निवडत होते.

"माज्यासाठी मऊ घालनार आसशील तर मी त्या गाडीत पाय ठिवायचा न्हाई."

"कोन म्हनतंय मऊ घालतो?"

"मला कळतंय तुजं. गाड्याच्या बैलाला म्हाताऱ्याला फिरवायला जुपत न्हाईत. शर्यतीची हाय ती, शर्यतीचीच स्प्रिंग घाल. मग मला सोसलं तर येईन, न्हाई तर ऱ्हायलं घाटघर."

"बरं."

"बरं न्हाई, शपथ घे."

दादाने गळ्याला चिमटा काढून शपथ घेतली. पुण्याच्या एका शर्यतवाल्याने त्याला फोनवर माप सांगितलं होतं, इतक्या किलोला एक इंच दबली की ती स्प्रिंग बरोबर. त्या मापाचीच घालेन, असं तो म्हणाला. तरीही अण्णांचा भरवसा बसेना. ते माझ्याकडे वळले. "तू माप. तुजं शिक्षान कवा कामाला यायचं? ह्यो लबाडी करंल, त्याच्यावं ध्यान ठीव." मला काय, हवंच होतं. लग्न ठरल्यापासून घरात मला कुणी साधा हिशोबही विचारत नव्हतं, साड्यांचे रंग तेवढे विचारत होते.

मी आणि दादा त्याच्या मोटारसायकलवरून जुन्नरला रफिकचाचांकडे गेलो. चाचांचं गाड्यांच्या कमानींचं आणि स्प्रिंगांचं दुकान, बापजाद्यांपासूनचं. आत भट्टी, बाहेर चिंचेखाली स्प्रिंगांचा ढीग. "विलायती गाडीची कुठून देऊ बेटी? ह्याच्यात जीप है, टेंपो है, एका कलेक्टरच्या मोटारीची बी है. घेऊन जा, मापा, नको ती परत आणा. पण जोडी फोडू नका. मियाँ-बीवीला तोडल्याचं पाप माझ्या दुकानावर नको." आणि मग माझ्याकडे बघून, "तुझी पण जोडी जमली म्हणे!" मी लाजले नाही, पण दादा मोठ्याने हसला म्हणून त्याला कोपराने ढोसलं.

आम्ही दोन जोड्या आणल्या. एकीची सळई जाड पण वेटोळी जास्त, दुसरीची सळई बारीक पण वेटोळी कमी. नुसतं बघून कळत नव्हतं कुठली आपल्या मापाची. मग पडवीतच, अण्णांच्या खाटेसमोर, मांडामांड केली. स्प्रिंग उभी करायची, आडवी होऊ नये म्हणून मधून पाइप घालायचा, वर भोक पाडलेली फळी ठेवायची आणि फळीवर वजन चढवायचं. किती इंच दबली ते मी फूटपट्टीने बघणार. वजन म्हणून काय ठेवायचं यावर कुणी विचारसुद्धा केला नाही. आमच्याकडे वजन म्हणजे गोणी. पन्नासाची गोणी म्हणजे पन्नास किलो, त्यात मोजायचं काय?

दादा कोपऱ्यातल्या थप्पीकडे गेला. ती माघात भरलेली रांगड्या कांद्याची थप्पी होती, चांगला भाव येईल म्हणून थांबवलेली. मी म्हटलं, "अरे, दाराशी नव्या कांद्याच्या गोण्या आहेत की, त्या घे. तिकडून कशाला ओढतोस?"

"त्या उद्या बाजाराला जायच्यात. दाबून कांदा खराब करू का?"

पटण्यासारखं होतं. वरती आढ्याला काटा टांगलेला होता. तेही मी विचारलं, "एकदा काट्याला लावून बघू का?" दादा गोणी पाठीवर घेऊन वाकलेला, तिथूनच म्हणाला, "भरताना आईनं काट्याला धरलीय. पन्नास लिही." मी जमिनीवर खडूने पन्नास लिहिलं.

जाड सळईची जोडी दबता दबेना. "दगुड हाय ह्यो," दादा म्हणाला. माझ्या आकड्यांनीही तेच सांगितलं, शर्यतीलासुद्धा फार कडक. बारीक सळईची मात्र पुण्याच्या मापाला अगदी तंतोतंत उतरली. मी पुन्हा एकदा मोजलं, दुसऱ्या बाजूने भागून पाहिलं आणि खडूने खाली दोन रेघा ओढल्या. अण्णा कोपरावर उठून सगळं बघत होते. "झालं?" मी म्हटलं, "झालं. हीच शर्यतीची." ते परत आडवे झाले. "मग घाल," दादाला म्हणाले. "मापानं झालंय म्हंजे माजं काय म्हननं न्हाई."

पेठच्या माळावर त्या दिवशी जत्राच लोटली होती. पुण्याकडच्यांनी बोलायला म्हणून जो माणूस उभा केला होता तो इंग्रजी-मराठीत काहीतरी पुटपुटत होता. लोकांनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग गाड्याच्या घाटात पुकारणाऱ्या आमच्याकडच्या एका बुवांना पुढे ढकललं आणि माइक त्यांच्या हातात गेला. मग काय विचारता! "जुन्नरकरांची होडी सज्ज हाय मंडळी... झाली... झाली... झाली... भिर्रर्र!" हलगी कडाडली आणि होडी सुटली.

पहिल्याच वळणाला ती अशी कलली की माझ्या शेजारच्या बाईने "अगं बया" म्हणून डोळे झाकले. दुसऱ्या शंकूला उजवीकडे, तिसऱ्याला डावीकडे, प्रत्येक खेपेला आधी चाकं वळायची आणि मग जरा वेळाने, विचार करून, गाडी. ब्रेक मारला की नाक खाली घालायची, सोडला की आभाळाकडे बघायची. बुवा माइकवरून म्हणाले, "होडी पान्यात पडली वाटतं राव!" सगळा माळ हसला. दादा शेवटून दुसरा आला. मला लाजेने कुठे तोंड लपवावं कळेना, कारण माप माझं होतं. दादा गॉगल काढून आला, तोंड धुळीने माखलेलं, आणि तोही हसत होता. "लई मऊ वाटली रं," त्याच्या दोस्ताने म्हटलं. "पुण्याचा मानूस चुकला आसंल," दादा म्हणाला. "हिचं माप बराबर व्हतं." मला तेव्हा त्याचा फार राग आला. दोन पावसाळे ज्याच्यासाठी घालवले ते असं मातीत गेलं आणि हा हसतो कसला?

अण्णा घरी वाट बघत होते. "कशी पळाली?" आई म्हणाली, "पळाली कसली, डुलली." अण्णांचा चेहरा उतरला. दादा त्यांच्या खाटेच्या कडेला बसला आणि बुटाच्या नाड्या सोडत म्हणाला, "हारली गाडी. आता ती शर्यतीची न्हाई. आता तरी बसाल का न्हाई?"  सकाळी अण्णांनी आईकडे इस्त्रीचा सदरा मागितला.

ते दोघे घाटघरला निघाले तेव्हा मी फाटकात उभी होते. होडीत दोनच माणसांची जागा. अण्णा पाय लांब सोडून, टोपी घट्ट करून, आभाळाकडे तोंड करून रेललेले. मला म्हणाले, "बस येती का बघत ऱ्हा." ही त्यांची थट्टा होती. दादा म्हणाला, "पुढल्या चैतात तुला नेतो. पावनी म्हनून आलीस की पयलं घाटघर." मी म्हटलं, "माझा नवरा मागे टांगून नेशील का?" आणि होडी रस्त्याला लागली. त्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून ती खरंच पाण्यावरून जावी तशी, हलकेच वरखाली होत गेली. मला दिसत होती तोवर अण्णांची टोपी एकदाही दचकली नाही.

दिवस मावळायच्या सुमाराला ते परत आले. मी दार उघडायला धावले. अण्णांच्या मांडीवर पानांचा द्रोण होता, शिगोशीग करवंदांनी भरलेला, पिकून काळी झालेली करवंदं. ठकूमावशीने दिलेली. म्हातारीला दिसत नव्हतं, पण अण्णांनी हाक मारल्याबरोबर तिने आवाज ओळखला आणि आधी शिव्या दिल्या, मग रडली. हे अण्णा होडीतून उतरायच्या आधीच सांगायला लागले होते. मी द्रोण हातात घेतला. पिकलं करवंद किती नाजूक असतं ठाऊक आहे ना, जरा दाबलं की रस सुटतो. पण अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक डाग नव्हता. वरचं करवंदसुद्धा जागचं हललं नव्हतं. अण्णांनी ते सगळ्यांना दाखवलं, आईला, मला, बांधावरून चाललेल्या बायांना. "बघा. घाटघरपासनं. एक बी सांडलं न्हाई." आयुष्यभर गाडी चालवलेल्या माणसाने आपल्या पोराला दिलेलं ते मेडल होतं.

चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "कोपऱ्यातल्या त्या गोन्या कवा भरल्याल्या रं?"

"माघात," दादा म्हणाला.

"हां," म्हणून अण्णांनी बशी तोंडाला लावली. मी करवंदं खात होते. माझे दात, ओठ, बोटं जांभळी झाली होती आणि मला वाटलं, बापलेक कांद्याचंच काहीतरी बोलताहेत.

वैशाखात माझं लग्न झालं. पुढच्या चैत्रात मी पाहुणी म्हणून आले तेव्हा पडवीतली खाट काढलेली होती. पावसाळ्यातच अण्णा गेले होते, झोपेत, शांतपणे. घाटघरला न्यायचं आता दादाच्या मनात नव्हतं आणि माझ्याही. होडी गॅरेजात ताडपत्रीखाली होती, त्यानंतर वर्षभरात त्याने ती पुण्याच्या कुणाला तरी देऊन टाकली. दुसरी जोडी घालून बघ ना एकदा, पुन्हा उतर ऑटोक्रॉसला, असं मी त्याला एकदोनदा म्हटलं होतं. "आता ऱ्हाऊ दे," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, खचला. त्या स्प्रिंगांनी त्याचं मन मोडलं, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते.

दादा जाऊनही आता काही चैत्र झाले. त्याचं गॅरेज आवरताना फळकुटाच्या मागे ती जाड सळईची जोडी निघाली. रफिकचाचांकडे ती कधी परत गेलीच नव्हती. एक वहिनींनी ठेवून घेतली, एक मी आणली. जोडी फोडली म्हणून चाचा रागावले असते.

यंदा चैत्रात वहिनींनी कांद्याला बोलावलं म्हणून गेले. वहिनी एकट्याने सगळं बघतात. नव्या कांद्याच्या गोण्यांची टेम्पोत भरती चालली होती आणि मी आपली मदत म्हणून वजनाची बेरीज करत होते. पडवीतल्या कोपऱ्यातल्या थप्पीपाशी आले आणि म्हटलं, "ह्या पन्नासाच्या धरू ना?"

"ह्या न्हाई वं ताई," वहिनी म्हणाल्या. "ह्या माघातल्या. ह्यास्नी घट आलीय. आता कुठल्या पन्नास भरायच्या? काट्याला लावल्याबिगर धरू नगा."

कांदा ठेवला की सुकतो, हलका होतो. त्याला आमच्याकडे घट म्हणतात. कांदा पिकवणाऱ्या घरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. दादा तर या घटीवरून दरवर्षी व्यापाऱ्यांशी हमरीतुमरीवर यायचा. मीही जाणत होते, फक्त त्या दिवशी माझ्या डोक्यात वजन आणि इंच होते, कांदा नव्हता.

मी त्या थप्पीवरच बसले. पन्नास लिहून घेतलेल्या गोण्या पन्नासाच्या नव्हत्या. वजन कमी, म्हणून स्प्रिंगा कमी दबल्या आणि माझ्या हिशोबात होत्या त्याहून कडक उतरल्या. म्हणजे मी जिला दगड म्हणून बाजूला काढलं तीच शर्यतीची जोडी होती, आणि जी मापाला तंतोतंत उतरली ती मऊ होती. अण्णांची होती. दाराशी ताज्या गोण्या सोडून तो कोपऱ्यातल्या ओढायला का गेला, काटा डोक्यावर टांगलेला असून त्याने तो का नको म्हटलं, माळावर हरून हसत का आला, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. शपथ घेतली होती ना पोराने, पुण्याच्या मापाचीच घालेन म्हणून. त्याने शपथही मोडली नाही. मापणारी मी होते.

आणि अण्णा! कोपरावर उठून बघत होते ते. "माघात" ऐकून "हां" म्हणाले. त्या घरात न कळलेली मी एकटीच होते, आणि माझ्यावर राखण सोपवलेली. मला हसू आवरेना. वहिनी बघायला लागल्या म्हणून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी होडी पाहिलेली नाही, लग्न नंतरचं. त्या म्हणाल्या, "मला ह्यांनी त्या गाडीचं येवढंच सांगितलंय, हारलो त्या दिवशी पेठपासून गाणं म्हनत आलो."

हसू कुठल्या कुठे गेलं. मला दादा हवा झाला. आत्ताच्या आत्ता, पाठीवर गोणी घेऊन वाकलेला, "पन्नास लिही" म्हणणारा. त्याला एक धपाटा घालायचा होता आणि मग विचारायचं होतं की शेवटून दुसरा येताना, सगळा माळ हसत असताना, तुला खरंच वाईट वाटलं नाही का रे?

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना गाडीत घातलं आणि घाटघरला नेलं. माझी साधी गाडी, बँकेत जायची. रस्ता बघून मी थक्क झाले. जुन्नरपासून वरपर्यंत काळाभोर डांबरी, मध्ये पांढरा पट्टा. वहिनी वाटेत डुलक्या घेत होत्या. इथून कुठल्याही स्प्रिंगची गाडी गेली असती. कडक, मऊ, कुणाला काही पेच पडला नसता. पण रस्ता होईपर्यंत अण्णा थांबणार नव्हते, आणि हे दादाला तेव्हाच दिसलं होतं.

खिंडीत वारं होतं. अण्णा सांगायचे तसंच, खालून वर येणारं, ओलसर, लांबच्या मुलखाचा वास असलेलं. मी बराच वेळ तोंडावर घेतलं. ठकूमावशीचं घर विचारलं तर आता तिथे नातू राहतो म्हणाले. परतताना वाटेवर एक बाई करवंदं विकायला बसली होती, तिच्याकडून मी पानाचा द्रोणच मागून घेतला, शिगोशीग भरून. वहिनींच्या मांडीवर दिला आणि म्हटलं, धरू नका, नुसता ठेवा.

घरी पोचलो. मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. एकही करवंद सांडलं नव्हतं. वरचंसुद्धा जागचं हललं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "रस्ता चांगला झालाय न्हाई आता?" मी हो म्हटलं आणि द्रोण घेऊन पडवीत गेले. खाट असायची तिथे तो ठेवला, शेजारी बसले, आणि मग मला रडू आलं.